लाइव्ह स्पीच ऑफिसात किती कामाचं? टाइप करून बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी परीक्षण

मीटिंगमध्ये बोलणारा माणूस मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द सहज बोलून जातो. टाइप करून यंत्राच्या आवाजात बोलणाऱ्यांचा वेग बहुतेकदा मिनिटाला 15 शब्दांच्या आत असतो; डोळ्यांच्या हालचालीने किंवा एकाच बटणाने टाइप करणाऱ्यांचा त्याहूनही बराच कमी. 10 च्या वेगाने 25 शब्दांचं एक वाक्य तयार व्हायला अडीच मिनिटं लागतात. तेवढ्यात समोरचे पावणेचारशे शब्द बोलून पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. म्हणून ऑफिसच्या कामासाठी एएसीचं, म्हणजे पूरक आणि पर्यायी संवादाचं, कुठलंही साधन तपासताना आवाज किती गोड आहे हे आम्ही सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ते एवढंच: विषय हातातून निसटायच्या आत या माणसाचं म्हणणं टेबलावर येतं का?

याच कसोटीवर इथे ॲपलचं लाइव्ह स्पीच तपासलं आहे. 2023 मध्ये आयओएस 17 बरोबर ते आलं. आयफोन, आयपॅड, मॅक आणि ॲपल वॉच या सगळ्यांत ते आधीपासून बसवलेलं असतं, वेगळं ॲप घ्यावं लागत नाही. टाइप करा, पाठवा, फोन बोलतो. साध्या फोन कॉलवर आणि फेसटाइमवर हा आवाज थेट पलीकडच्या माणसाच्या कानात जातो, आणि नोकरीच्या दृष्टीने हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. फोन स्पीकरवर टाकून त्याच्यासमोर दुसरं यंत्र धरायची कसरत संपते.

हे कुणासाठी आहे ते आधीच स्पष्ट करायला हवं. ज्यांना लिहितावाचता येतं आणि कीबोर्ड कसातरी का होईना चालवता येतो, त्यांच्यासाठी. चित्रं किंवा चिन्हं निवडून वाक्य बांधणाऱ्यांना यात काहीही मिळणार नाही. त्यांना टीडी स्नॅप, ग्रिड किंवा अवाझसारखं चिन्हांवर चालणारं ॲपच लागेल. तसं ॲप वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला 'फोनमध्येच आहे की सोय' असं सांगून लाइव्ह स्पीचकडे वळवणं म्हणजे त्याची भाषा काढून घेणं आहे.

मांडणी

सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात लाइव्ह स्पीच. ते चालू करा आणि तिथेच आवाज निवडा. मग फेस आयडी असलेल्या फोनवर बाजूचं बटण आणि जुन्या फोनवर होम बटण लागोपाठ तीनदा दाबलं की टाइप करायची चौकट उघडते. घड्याळावर डिजिटल क्राउन तीनदा दाबायचा.

इथेच पहिली चूक होते. तीनदा दाबायच्या या शॉर्टकटवर आधीपासून भिंग किंवा गाइडेड ॲक्सेससारखी दुसरी सोय लावलेली असली, तर चौकट उघडण्याऐवजी 'कुठली हवी?' अशी यादी येते. एक टॅप जास्तीचा. दिवसातून साठ वेळा बोलायचं तर साठ टॅप, आणि हात थरथरत असेल तर प्रत्येक टॅप ही एक नवी संधी चुकायची. ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटच्या यादीत फक्त लाइव्ह स्पीचवर खूण ठेवा.

दुसरी चूक स्क्रीन बंद होण्याच्या वेळेची. कंपनीच्या फोनवर सुरक्षेच्या धोरणानुसार स्क्रीन पटकन बंद होऊन पासकोड मागते. बाकीच्यांना हा किरकोळ त्रास वाटतो. टाइप करून बोलणाऱ्याचा मात्र दोन वाक्यांच्या मध्ये आवाजच बंद होतो. आयटी विभागाला या एका फोनसाठी वेळ वाढवून द्यायला सांगा, तोंडी नाही, लेखी विनंती करा. धोरणाला अपवाद करायला त्यांना कागद लागतो.

साठवलेली वाक्यं

लाइव्ह स्पीचचा खरा जीव यात आहे. आवडती वाक्यं साठवून ठेवता येतात आणि एका टॅपला बोलली जातात. आयओएस 17 मध्ये ती सगळी एकाच लांबलचक यादीत पडायची, त्यामुळे पंधरावीस वाक्यांनंतर शोधण्यापेक्षा टाइप करणं परवडायचं. आयओएस 18 पासून गट करता येतात, आणि तिथून पुढे ही सोय ऑफिसच्या लायक झाली असं आमचं मत आहे.

गट विषयांवरून करू नका, प्रसंगांवरून करा. 'मीटिंग', 'फोन', 'जाता येता', 'अडचण'. 'हिशेब' किंवा 'प्रकल्प' असे गट कागदावर छान दिसतात, पण बोलताना माणूस कुठे उभा आहे त्यावरून वाक्य शोधतो. एका गटात आठ ते दहा वाक्यं, म्हणजे बोटाने सरकवत बसावं लागणार नाही.

मीटिंगच्या गटात सगळ्यात वर काय हवं? माहिती नको, मत नको. जागा धरून ठेवणारं वाक्य हवं: 'मला या मुद्द्यावर बोलायचं आहे, टाइप करते, पुढे जाऊ नका.' बोलणारे लोक श्वास घेऊन, पुढे झुकून, 'नाही, पण' म्हणून आपली पाळी धरतात. टाइप करणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. हे एक वाक्य त्या सगळ्याचं काम करतं. त्याच्या खाली 'सहमत', 'सहमत नाही, कारण सांगते', 'हे पुन्हा एकदा सांगाल का?', 'मागच्या मुद्द्यावर परत जाऊ या' आणि 'माझं पूर्ण झालं'. शेवटचं विसरू नका. यंत्राचा आवाज थांबला म्हणजे बोलणं संपलं की पुढचं वाक्य तयार होतंय हे बाकीच्यांना कळत नाही. मग एक तर ते मध्येच तोडतात, नाहीतर सगळे उगाच गप्प बसून राहतात.

मराठीत यादी भरताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, यादी दुसरंच कुणीतरी भरून देतं आणि स्त्रीच्या तोंडी 'टाइप करतोय' येतं, पुरुषाच्या तोंडी 'सांगते'. दोन, सगळी वाक्यं 'कृपया आपण' छापाची होतात. वरिष्ठांना 'जरा पुन्हा सांगता का?' आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राला 'परत सांग ना', अशी दोन्ही वाक्यं लागतात. दिवसभर एकाच औपचारिक सुरात बोलणाऱ्या माणसाशी कुणी गप्पा मारायला येत नाही, आणि ऑफिसातली निम्मी माहिती गप्पांमधूनच फिरते. यादी ज्याची आहे त्यानेच भरावी. हात चालत नसेल तर त्याने सांगावं आणि दुसऱ्याने टाइप करावं, शब्द न बदलता.

साठवलेल्या वाक्यांपलीकडे टेक्स्ट रिप्लेसमेंट वापरा. ते लाइव्ह स्पीचमध्ये नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे. 'मला या मुद्द्यावर बोलायचं आहे' हे देवनागरी कीबोर्डवर मोकळ्या जागा धरून 29 वेळा दाबणं आहे; एकट्या 'मुद्द्यावर'लाच जोडाक्षरामुळे 10 लागतात. त्याऐवजी 'मबो' असं छोटं रूप लावलं की तीन दाबण्यात आणि एका मोकळ्या जागेत वाक्य येतं. ग्राहकांची, विभागांची, प्रकल्पांची लांबलचक नावं अशी बसवून घेतली की रोजच्या टायपिंगचा भार चांगलाच उतरतो. कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो त्याचा मात्र वाटतो तेवढा फायदा होत नाही. दाबणं कमी होतं, पण दर अक्षरानंतर नजर वर नेऊन तीन पर्याय वाचण्यात वाचलेला वेळ परत जातो. डोळ्यांनी टाइप करणाऱ्यांना तो उपयोगी, बोटांनी बऱ्यापैकी टाइप करणाऱ्यांना अनेकदा अडथळा.

आवाज

मराठी आवाज आहे, उच्चार स्पष्ट आहेत, निवडीला मात्र इंग्रजीइतका वाव नाही. मराठी वाक्यात रोमन लिपीतला शब्द आला की उच्चार अडखळायची शक्यता असते. 'रिपोर्ट', 'डेडलाइन' हे देवनागरीतच टाइप करा. वेळ '10.30' अशी लिहिण्यापेक्षा 'साडेदहा' लिहिणं सुरक्षित. नाव चुकीचं उच्चारलं जात असेल तर कानाला बरोबर वाटेल असं लिहून ते साठवा, शुद्धलेखन इथे गौण आहे. महत्त्वाची वाक्यं आधी इयरफोन लावून ऐकून घ्या.

कुठला आवाज घ्यायचा हे फक्त वापरणाऱ्याने ठरवायचं. 'हा जास्त व्यावसायिक वाटतो' असा सल्ला व्यवस्थापनाने देऊ नये.

पर्सनल व्हॉइस ही जोडीची सोय आहे: स्वतःचा आवाज नोंदवून त्याच आवाजात लाइव्ह स्पीच बोलू शकतं. आधी त्यासाठी 150 वाक्यं, म्हणजे साधारण पंधरा मिनिटं, वाचावी लागत. 2025 मध्ये ॲपलने ती संख्या 10 वर आणली. सगळी प्रक्रिया फोनवरच होते. एएलएससारख्या, स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या आजारात ज्यांचा आवाज जाणार हे ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे, पण आवाज घोगरा व्हायच्या आत नोंदवला तरच. आजाराचं निदान कळवलेल्या कर्मचाऱ्याला शांत खोली आणि एक मोकळा तास त्याच आठवड्यात द्या, पुढच्या तिमाहीत नको. अडचण एवढीच की सुरुवातीला हे फक्त इंग्रजीत होतं आणि नंतर मोजक्याच भाषा जोडल्या गेल्या. मराठी त्यात नाही. मराठीत काम करणाऱ्यांनी म्हणून ठरावीक वाक्यं, हाका, हसणं, घरच्यांची आणि सहकाऱ्यांची नावं साध्या रेकॉर्डिंगमध्ये साठवून ठेवावीत. रेकॉर्ड केलेला ध्वनी वाजवणारी एएसी ॲप असतात. लाइव्ह स्पीच मात्र टाइप केलेल्या शब्दांवरच चालतं.

फोनवर

यंत्राचा आवाज ऐकला की पलीकडचा माणूस जाहिरातीचा कॉल समजून फोन ठेवतो. हे इतकं ठरलेलं आहे की पहिलं वाक्य त्याचाच विचार करून लिहायला हवं. नाव आणि काम आधी, खुलासा नंतर, आणि सगळं मिळून एका श्वासाएवढं: 'नमस्कार, मी (स्वतःचं नाव), कालच्या ऑर्डरबद्दल बोलायचं आहे. मी टाइप करून बोलतो, मध्ये शांतता असेल, फोन ठेवू नका.' सुरुवातच खुलाशाने केली तर तो पूर्ण व्हायच्या आत कॉल तुटतो. दुसरं साठवायचं वाक्य: 'ऐकतोय, टाइप करतोय.' दर वीस-पंचवीस सेकंदांनी ते वाजवलं की पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करत नाही.

'यासाठी एक दाबा' छापाच्या फोन मेनूला आकडे दाबून उत्तर देता येतं, तिथे प्रश्न नाही. 'तुमचं काम सांगा' म्हणणाऱ्या मेनूत मात्र काही सेकंदांत वेळ संपते. असे नंबर ठाऊक असले तर उत्तर आधीच टाइप करून ठेवा, नाहीतर ते काम ईमेलवर करायची मुभा असू द्या. कामाच्या वर्णनात 'फोनवर उत्तम संवाद' ही अट केवळ सवयीने टाकलेली असते. त्या पदाला खरंच फोन लागतो की उत्तर वेळेत पोचणं लागतं, हे तपासा.

ऑनलाइन मीटिंग

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि दोष साधनाचा असेलच असं नाही. मीटिंगचं ॲप आणि बोलणारं साधन एकाच संगणकावर असलं, की इको कॅन्सलेशन त्या संगणकाच्या स्पीकरमधून आलेला आवाज प्रतिध्वनी समजून कापून टाकतं. बोलणाऱ्याला स्वतःचं वाक्य ऐकू येतं, बाकीच्यांना शांतता. लोकांना वाटतं टाइप करणारी व्यक्ती गप्प आहे. तिला वाटतं लोक दुर्लक्ष करताहेत.

उपाय सोपा आहे: मीटिंग लॅपटॉपवर, बोलणं फोनवर. फोनचा स्पीकर लॅपटॉपच्या मायक्रोफोनकडे तोंड करून वीतभर अंतरावर ठेवा, मीटिंगच्या ॲपमधलं नॉइज सप्रेशन, म्हणजे आजूबाजूचे आवाज कापणारी सोय, सगळ्यात खालच्या पातळीवर आणा, आणि मीटिंगच्या आधी पाच मिनिटं एका सहकाऱ्याबरोबर तपासून घ्या. एकच संगणक वापरायचा असेल तर स्क्रीन शेअर करताना संगणकाचा आवाजही शेअर करण्याचा पर्याय निवडा. तो आवाज मायक्रोफोनच्या वाटेने जातच नाही, त्यामुळे कापलाही जात नाही.

प्रत्यक्ष बैठकीत फोनचा छोटा स्पीकर आठ-दहा माणसांच्या खोलीत पुरत नाही. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर आणखी एक गंमत नसलेली गोष्ट घडते: थोडा वेळ आवाज नसला की स्पीकर डुलकी घेतो आणि जागा होता होता पहिला शब्द गिळतो. 'नाही, हे चालेल असं वाटत नाही' मधला 'नाही' गेला तरी वाक्य कसंबसं तग धरतं. 'नको' एवढंच उत्तर असेल तर ते आख्खं जातं. तारेचा स्पीकर घ्या, किंवा प्रत्येक वाक्याच्या आधी 'हं,' टाइप करायची सवय ठेवा म्हणजे गिळला तर तोच गिळला जाईल.

एक उणीव मात्र साधनाचीच आहे. समोरच्याला मजकूर दिसेल असा दुसरा पडदा आयफोनला नाही. टोबी चर्चिल या इंग्लिश अभियंत्याची 1968 मध्ये वाचा गेली आणि त्यांनी पुढच्या दशकात लाइटरायटर हे टाइप करून संवाद साधायचं यंत्र बनवलं. त्याच्या दोन्ही बाजूंना पडदे देण्याची युक्ती पुढे याच गरजेतून रुजली: टाइप करणारा आणि वाचणारा समोरासमोर बसतात, एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघतात. टोबी डायनावॉक्स या (नाव सारखं असलं तरी वेगळ्या) कंपनीच्या आय-13 आणि आय-16 यंत्रांना आजही मागच्या बाजूला असा छोटा पडदा असतो. आयफोनवर समोरच्याला एक तर आवाजाची वाट बघावी लागते, नाहीतर खांद्यावरून डोकवावं लागतं. खांद्यावरून डोकावणं वाईट. अर्धवट वाक्य वाचून लोक ते पूर्ण करायला लागतात, आणि चुकीचं पूर्ण केलेलं वाक्य खोडून काढायला मूळ वाक्यापेक्षा जास्त टायपिंग लागतं. कारखान्याच्या गोंगाटात तर आवाजापेक्षा पडदाच हवा. तिथे लाइव्ह स्पीचवर अवलंबून राहू नका.

ज्यांचे हात अजिबात चालत नाहीत त्यांच्यासाठी आयओएस 18 पासून पुढच्या कॅमेऱ्यावर चालणारं आय ट्रॅकिंग आहे. फोन हलणार नाही अशा ठिकाणी, चेहऱ्यापासून साधारण 45 सेंटीमीटरवर, चेहऱ्यावर पुरेसा उजेड. साठवलेलं वाक्य निवडायला ते ठीक आहे. आठ तास टायपिंग करायला इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं खास यंत्रच लागेल, आणि त्या यंत्रासाठी खिडकीतून थेट ऊन येणार नाही अशी बसायची जागा.

माणसांनी करायचं ते

वर दिलेली सगळी मांडणी चोख केली तरी वेग दहाचा पंधरा होईल. दीडशे होणार नाही. उरलेलं अंतर बैठक चालवणाऱ्याने भरून काढायचं असतं. अजेंडा आदल्या दिवशी, आणि नुसते मथळे नको, प्रश्नांच्या रूपात: 'वेळापत्रक' नाही तर 'चाचणी एक आठवडा पुढे ढकलावी का?' म्हणजे उत्तर घरून टाइप करून आणता येतं. कुणी जागा धरणारं वाक्य वाजवलं की चर्चा थांबते किंवा दुसऱ्या मुद्द्यावर जाऊन ठरल्याप्रमाणे परत येते. परत यायची जबाबदारी अध्यक्षाची, टाइप करणाऱ्याची नाही. टाइप होत असताना दुसरा प्रश्न विचारायचा नाही, कारण मग अर्धं झालेलं उत्तर खोडावं लागतं. 'हो की नाही' एवढाच प्रश्न विचारून मोकळं व्हायचा मोह टाळायचा. मुलाखतीत प्रश्न आधी लेखी द्या आणि वेळ वाढवून द्या.

यात उपकार काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात दुसऱ्या कलमातली संवादाची व्याख्याच पूरक आणि पर्यायी मार्गांना धरून केलेली आहे, आणि सत्ताविसावं कलम कामाच्या ठिकाणी वाजवी सोय मागतं.

फोन बंद पडला तर काय, हेही ठरलेलं हवं. सगळ्यात भरवशाची सोय कागदाची: ए-4 आकाराचा लॅमिनेट केलेला अक्षरतक्ता. देवनागरी वर्णमाला यासाठी जणू बेतूनच केलेली आहे. क, च, ट, त, प या पाच वर्गांच्या पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. खाली य पासून ज्ञ पर्यंतच्या दोन ओळी. त्याखाली स्वर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त. बोट दाखवता येत असेल तर सरळ दाखवायचं. येत नसेल तर समोरच्याने 'क वर्ग? च वर्ग? ट वर्ग?' असं विचारत जायचं, पापणी मिटली की थांबायचं आणि त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची. कोपऱ्यात चार शब्द मोठ्या अक्षरांत: 'चुकलं', 'पुन्हा', 'थांबा', 'मदत'. तक्त्याच्या पाठीमागे तो कसा वापरायचा हे दोन ओळींत लिहा, म्हणजे आगीचा भोंगा वाजल्यावर अनोळखी माणसालाही वापरता येईल. एक प्रत टेबलावर, एक बैठकीच्या खोलीत, एक पाकिटात मावेल अशी घडीची.

लाइव्ह स्पीच शक्यतो कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या ॲपल खात्यावर बसवा, कंपनीच्या फोनवर नको. कंपनीचा फोन लांबून पुसता येतो, आणि नोकरी सुटली की परत द्यावा लागतो. त्याच्याबरोबर वर्षभर एकेक करून जमवलेली वाक्यं जातात, आणि नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी माणूस मुका होऊन बसतो.